राष्ट्रसंघ नेमका कुठे अडला? पेट्रिच १९२५ आणि ॲबिसिनिया १९३५

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात राष्ट्रसंघाची (पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखण्यासाठी स्थापन झालेल्या, जिनिव्हात मुख्यालय असलेल्या 'लीग ऑफ नेशन्स'ची) बोळवण बहुधा एका वाक्यात होते: राष्ट्रसंघाकडे स्वतःचे सैन्य नव्हते, म्हणून तो अपयशी ठरला. शाळेत असताना परीक्षेत मीही हेच उत्तर लिहिले आहे. सैन्य नव्हते हे खरे आणि शेवटी अपयश आले हेही खरे. परंतु या दोहोंना जोडणारा 'म्हणून' मला आता पटत नाही, कारण ज्या वर्षी राष्ट्रसंघाने एक युद्ध ऐन तोंडावर आलेले असताना थांबवले, त्या वर्षीही त्याच्या पदरी एकही शिपाई नव्हता. त्या प्रसंगाविषयी आणि त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी घडलेल्या दुसऱ्या प्रसंगाविषयी सविस्तर चर्चा व्हावी, या इच्छेने हा धागा काढत आहे.

पहिला प्रसंग बाल्कनमधला आहे. १९ ऑक्टोबर १९२५ रोजी ग्रीस आणि बल्गेरिया यांच्या सीमेवर, बेलासित्सा डोंगरातल्या देमिरकापू खिंडीतील चौकीजवळ, गोळीबार होऊन एक ग्रीक सैनिक मारला गेला. (तो आपल्या पळालेल्या कुत्र्यामागे सीमा ओलांडून गेला होता, अशी एक कथा पुढे रूढ झाली, तिला भक्कम आधार नसल्याने मी तिच्यावर काही उभारत नाही.) पांढरे निशाण घेऊन पुढे आलेला एक ग्रीक अधिकारीही मारला गेला. अथेन्समध्ये तेव्हा जनरल पांगालोस यांची लष्करी राजवट होती. तिने नुकसानभरपाईची मागणी केली आणि उत्तराची फार वाट न पाहता २२ ऑक्टोबरला सैन्य बल्गेरियात घुसवले. महायुद्धात पराभूत झालेल्या आणि तहाने लष्कर तोडून टाकलेल्या बल्गेरियाला प्रतिकार झेपण्यासारखा नव्हता. त्याच्या सरकारने आपल्या तुकड्यांना नाममात्र प्रतिकार करण्यास सांगितले आणि जिनिव्हाला तार पाठवली.

ती तार २३ तारखेला सकाळी पोहोचली आणि तिथून पुढचे तास मोजण्यासारखे आहेत. सरचिटणीस सर एरिक ड्रमंड यांनी राष्ट्रसंघाच्या परिषदेचे, म्हणजे निवडक सदस्यांच्या मंडळाचे, त्या वेळचे अध्यक्ष, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री आरिस्तिद ब्रियां यांच्याशी त्याच दिवशी संपर्क साधला. परिषदेची बैठक पॅरिसमध्ये २६ तारखेला ठरली. परंतु ब्रियां यांनी बैठकीपर्यंत थांबणे योग्य मानले नाही. त्यांनी दोन्ही सरकारांना तार करून राष्ट्रसंघाच्या सनदेने (त्याच्या मूळ कराराने) पत्करलेल्या बंधनांची आठवण दिली आणि लढाई थांबवून सैन्य आपापल्या हद्दीत घेण्यास बजावले. ग्रीक सैन्य २४ तारखेच्या सकाळी पेट्रिच या गावावर हल्ला चढवणार होते. हल्ला सुरू होण्यास अवघे काही तास उरले असताना तो थांबवण्याचा हुकूम आघाडीवर पोहोचला. पुढे परिषदेने माघारीचे हुकूम देण्यास २४ तास आणि माघार पूर्ण करण्यास ६० तास दिले, त्यावर देखरेख ठेवण्यासाठी ब्रिटन, फ्रान्स व इटलीचे लष्करी अधिकारी जागेवर पाठवले, आणि मुदतीच्या आत माघार पूर्ण झाली. ब्रिटिश मुत्सद्दी सर होरेस रंबोल्ड यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने ग्रीसला सुमारे ४५,००० पौंडांची भरपाई देण्यास सांगितले. ग्रीसने ती दिली.

हे सगळे साधले ते तीन गोष्टींमुळे, असे मला वाटते. बड्या सत्तांमध्ये त्या घडीला एकवाक्यता होती. जर्मनीच्या पश्चिम सीमांची हमी देणाऱ्या करारांची लोकार्नोची बोलणी तीनच दिवसांपूर्वी, १६ ऑक्टोबरला, यशस्वी झाली होती. ग्रीसच्या पाठीशी कोणतीही बडी सत्ता उभी नव्हती. आणि ग्रीसला थांबवण्यासाठी कोणालाही आपल्या खिशाला तोशीस लावून घ्यावी लागली नाही. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि दुसरा प्रसंग नेमका तिच्यावरच अडला.

डिसेंबर १९३४ मध्ये इटालियन सोमालीलँडच्या सीमेजवळच्या वालवाल येथील विहिरींजवळ इटालियन आणि ॲबिसिनियन (आजच्या इथिओपियाच्या) तुकड्यांत चकमक झाली. सम्राट हैले सेलासी यांनी सनदेप्रमाणे जे जे करायला हवे ते सर्व केले: तक्रार नोंदवली, लवाद मागितला, चौकशी पत्करली. मुसोलिनी मात्र ते सारे महिने सुएझ कालव्यातून सैन्य व सामग्री नेत राहिला. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी आक्रमण झाले आणि चारच दिवसांत परिषदेने इटलीने सनद मोडल्याचे जाहीर केले. एका बड्या सत्तेविरुद्ध सनदेच्या कलम १६ खाली आर्थिक निर्बंध लादण्याची ती पहिलीच वेळ होती. पन्नास देशांनी मान्यता दिली आणि १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले. म्हणजे यंत्रणा हलली नाही, हा आरोप टिकत नाही.

ती कुठे अडली, हे निर्यातबंदीची यादी पाहिली की कळते. इटलीला विकण्यास मनाई असलेल्या वस्तूंत रबर होते, कथील होते, ॲल्युमिनियम व निकेल होते; इतकेच काय, घोडे, खेचरे, गाढवे आणि उंटही होते. तेल नव्हते. कोळसा नव्हता. डोंगराळ मुलखात चढाई करणाऱ्या सैन्याची खेचरे अडवण्याचा विचार झाला. त्याच सैन्याच्या मालमोटारी आणि विमाने ज्यावर चालत होती ते मात्र सुरू राहिले. अमेरिका सदस्य नसल्याने ती तेल पुरवील, असे कारण दिले गेले. ते अगदीच खोटे नव्हते. पण इटलीचा एक मोठा पुरवठादार रुमानिया हा राष्ट्रसंघाचा सदस्यच होता. खरी भीती अशी होती की, तेल तोडले तर मुसोलिनी भूमध्य समुद्रात ब्रिटनवर उलटेल, आणि ते टळले तरी जर्मनीविरुद्ध त्याची साथ गमवावी लागेल. सुएझ कालवाही खुलाच राहिला. तो सर्व जहाजांना खुला ठेवण्याचा १८८८ चा करार होता, आणि त्या कराराचा आधार घेणे सोयीचे होते. डिसेंबरात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे लाव्हाल यांनी ॲबिसिनियाचा मोठा लचका इटलीला देण्याची योजना आखल्याचे फुटले. लोकांच्या संतापामुळे होर यांना पद सोडावे लागले. तेलबंदीचा प्रश्न मात्र पुढे ढकलला जात राहिला. ५ मे १९३६ रोजी इटालियन फौजा अदिस अबाबात शिरल्या. १९३८ च्या म्युनिक परिषदेच्या वेळी मुसोलिनीने हिटलरला सांगितले की, तेल तोडले असते तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, असे हिटलरच्या दुभाष्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

३० जून १९३६ रोजी हैले सेलासी स्वतः जिनिव्हात सभेपुढे उभे राहिले. ते बोलू लागताच पत्रकारांच्या सज्जातून इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून गोंधळ घातला आणि त्यांना बाहेर काढावे लागले. सम्राट शांतपणे थांबले आणि मग अम्हारिक भाषेत बोलले. आकाशातून फवारलेल्या विषारी वायूविषयी, आणि सामूहिक सुरक्षिततेचे वचन दिलेल्या सरकारांविषयी. १५ जुलैला निर्बंध उठवले गेले.

माझे म्हणणे थोडक्यात असे: राष्ट्रसंघाला सैन्याची उणीव भासली त्यापेक्षा अधिक, दूरच्या तिसऱ्या देशाच्या शांततेसाठी स्वतः झीज सोसणाऱ्या सदस्यांची उणीव भासली. ब्रिटनमध्ये १९३४-३५ मध्ये घेतलेल्या खासगी शांतता-कौलात एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकांनी मत दिले. आक्रमकाविरुद्ध आर्थिक निर्बंधांना सुमारे एक कोटींनी होकार दिला. गरज पडल्यास लष्करी उपायांना होकार देणारे मात्र सत्तर लाखांहून कमी होते. ही दरी केवळ मुत्सद्द्यांच्या मनात नव्हती. जाणकारांनी भर घालावी आणि जिथे चुकत असेन तिथे स्पष्ट सांगावे.

प्रतिसाद: उत्तरवारा

लेख आवडला. आपल्या मांडणीला एक पैलू जोडतो: कधीकधी ही झीज आक्रमकाला रोखणाऱ्यांनी सोसायची नसते, तर निकाल विरुद्ध गेलेल्या पक्षाने सोसायची असते. ओलांड बेटांचे उदाहरण घ्यावे. स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या या बेटांवरचे जवळजवळ सर्व रहिवासी स्वीडिश बोलणारे होते आणि रशियन साम्राज्य कोसळताच त्यांनी स्वीडनमध्ये जाण्याची उघड मागणी केली. स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाने पाहिले तर बाजू त्यांची होती. जून १९२० मध्ये फिनलंडने त्यांच्या दोन पुढाऱ्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक केली, तेव्हा प्रकरण हातघाईवर येण्याची चिन्हे दिसू लागली.

परिषदेने जून १९२१ मध्ये निकाल दिला तो असा: बेटे फिनलंडची राहतील, परंतु स्वीडिश भाषा, शाळा आणि रहिवाशांचा जमिनीवरील हक्क यांची हमी फिनलंडने द्यायची, आणि बेटांवर लष्करी ठाणी उभारायची नाहीत. स्वीडनला हा निकाल अतिशय कटू वाटला आणि त्याने तसे बोलूनही दाखवले. पण त्याने तो पाळला. शंभर वर्षांनंतर आजही ती बेटे स्वायत्त आणि निर्लष्करी आहेत. त्याच सुमारास व्हिल्ना (आजचे लिथुआनियातील व्हिल्नियस) शहर पोलिश सेनानी झेलिगोव्स्की यांनी ऑक्टोबर १९२० मध्ये बळकावले आणि राष्ट्रसंघाला ते सोडवता आले नाही. स्वीडनने जे मान्य केले ते पोलंडने केले नाही, एवढाच काय तो फरक होता, आणि त्यापुढे सनदेची कलमे निरुपयोगी ठरली.

प्रतिसाद: जुनी वही

धागाकर्त्यांच्या अभ्यासाबद्दल आदर बाळगून मला एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. आपण पेट्रिचचे तास मोजलेत. त्याच तासांत आणखी काय चालले होते, हेही मोजले पाहिजे. १८ ते २० ऑक्टोबर १९२५ या दिवसांत फ्रेंच तोफा दमास्कस शहरावर गोळे टाकत होत्या. सीरिया हा फ्रान्सच्या मालकीचा मुलूख नव्हता. राष्ट्रसंघाने तो फ्रान्सकडे पालकत्वाने सोपवलेला होता, आणि तिथल्या लोकांना स्वराज्यासाठी तयार करणे ही त्या पालकत्वाची अट होती. देमिरकापूच्या खिंडीत ग्रीक सैनिक पडला तो या गोळाफेकीच्या मधल्या दिवशी. ज्या ब्रियां यांनी अथेन्सला सैन्य मागे घ्या अशी तार केली, त्यांच्याच सरकारच्या या तोफा होत्या. दमास्कसहून निघालेल्या तक्रारीवर तीन दिवसांत परिषद बसली नाही. पालकत्वाखालच्या प्रदेशांचे कामकाज पाहणाऱ्या आयोगाने पुढच्या वर्षी रोममध्ये खास बैठक घेऊन सीरियाचा विचार केला, तोवर मेलेले मेले होते.

कॉर्फूचाही उल्लेख हवा होता. ऑगस्ट १९२३ मध्ये इटलीचे जनरल तेल्लिनी यांचा ग्रीक हद्दीत खून झाला, तेव्हा मुसोलिनीने ग्रीसच्या कॉर्फू बेटावर तोफा डागून ते ताब्यात घेतले. ग्रीसने राष्ट्रसंघाकडे धाव घेतली. पण प्रकरण राजदूतांच्या परिषदेकडे, म्हणजे विजेत्या राष्ट्रांच्या वेगळ्या मंडळाकडे, वळवले गेले आणि पाच कोटी लिरा भरावे लागले ते ग्रीसलाच. दोन वर्षांनी तोच ग्रीस बल्गेरियात घुसला तेव्हा मात्र कायदा तत्परतेने जागा झाला. बळी तो कान पिळी, हा नियम जिनिव्हाने बदलला नव्हता.

आपल्या देशाचे स्थानही विसरता येत नाही. भारत राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य होता, पण व्हर्सायच्या तहावर भारताच्या नावाने सह्या केल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज यांनी. काँग्रेसने शांतता परिषदेसाठी निवडलेल्या प्रतिनिधींत लोकमान्य टिळक होते. सरकारने त्यांना पॅरिसला जाऊ दिले नाही. टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. तिथून त्यांनी १९१९ च्या मार्चमध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून भारताला स्वयंनिर्णयाचा हक्क मिळावा अशी मागणी मांडली. जपानने सनदेत वांशिक समानतेचे तत्त्व घालण्याची सूचना केली, तेव्हा सतरांपैकी अकरा मते अनुकूल पडूनही अध्यक्ष विल्सन यांनी एकमत नाही या कारणाने ती बाजूला ठेवली. ज्या संस्थेच्या पायातच माणसामाणसांत असा भेद ठेवला गेला, तिचे सदस्य ॲबिसिनियासाठी झीज सोसतील, ही अपेक्षाच मुळात कशी धरावी?

प्रतिसाद: धागाकर्ता

जुनी वही, आपला आक्षेप मी मनापासून स्वीकारतो. दमास्कसची तारीख मला माहीत होती. पण ती पेट्रिचच्या तारखेशेजारी ठेवून पाहण्याचे मला सुचले नव्हते, आणि ठेवल्यावर मूळ लेखातला माझा सूर अपुरा वाटतो. 'दूरचा तिसरा देश' असे मी लिहिले. त्यातले 'दूर' हे केवळ मैलांचे अंतर नव्हते, हे आपण दाखवून दिलेत.

तरीही एका ठिकाणी मी अडतो. हैले सेलासी यांना हा सगळा इतिहास ठाऊक नव्हता असे नाही. कॉर्फू त्यांच्यासमोर घडले होते, आणि त्याच १९२३ च्या सप्टेंबरात त्यांनी खटपट करून आपल्या देशाला राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळवून दिले होते. दुबळ्या देशापाशी वेशीवरच्या तोफांना उत्तर म्हणून फार थोडी साधने असतात, आणि लिहिलेले वचन हे त्यातले एक असते. सनद सर्वांना सारखी लागू झाली नाही, ही तक्रार करण्यासाठी आधी सनद असावी लागते. दमास्कसच्या लोकांनी जिनिव्हाला अर्ज पाठवले, तेही याच जाणिवेने.

प्रतिसाद: कलम सोळा

केलॉग-ब्रियां कराराविषयी थोडे. २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसमध्ये पंधरा स्वाक्षरीकर्त्यांनी राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग केल्याचे जाहीर केले. पुढे जगातले बहुतेक देश त्यात सामील झाले. करार मोडला तर काय करायचे, याविषयी त्यात एक अक्षर नाही. म्हणून त्याला कागदी ठरवणे सोपे आहे. पण १९४५ नंतर न्युरेंबर्ग येथे नाझी नेत्यांवर आक्रमक युद्ध छेडल्याचा आरोप ठेवला गेला, तेव्हा आक्रमण हा गुन्हा आधीपासून होता हे दाखवण्यासाठी आधार घेतला तो याच कराराचा.

निःशस्त्रीकरण परिषदेचा एक प्रसंगही इथे सांगावासा वाटतो. अनेक वर्षांच्या तयारीनंतर ती जिनिव्हात २ फेब्रुवारी १९३२ रोजी आर्थर हेंडरसन यांच्या अध्यक्षतेखाली भरणार होती. त्या दिवशी उद्घाटन तासभर लांबले, कारण जपानने शांघायवर केलेल्या हल्ल्याचा विचार करण्यासाठी राष्ट्रसंघाच्या परिषदेला तातडीने बसावे लागले होते. जगभरातून आलेले प्रतिनिधी शस्त्रे कमी करण्याची चर्चा करण्यासाठी दालनात खोळंबून होते.

प्रतिसाद: गिरणगाव

शांततेच्या या चर्चेत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला जागा असावी, कारण तिच्या घटनेची सुरुवातच या विधानाने होते की, सामाजिक न्यायाशिवाय कायमची शांतता नांदू शकत नाही. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी उपस्थित होते. कामाच्या तासांचा ठराव तिथे झाला. इतरांसाठी आठवड्याला ४८ तास ठरले आणि ब्रिटिश हिंदुस्थानसाठी ६०. हाही भेदच होता. पण १९२२ च्या सुधारित कारखाना कायद्यात ६० तासांची मर्यादा आली आणि मुंबईच्या गिरण्यांना ती पाळावी लागली. पुढच्या परिषदांना आपला प्रतिनिधी सरकारने नेमायचा की कामगारांनी निवडायचा, या प्रश्नातूनच १९२० मध्ये मुंबईत आयटक (अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस) स्थापन होण्यास मोठी चालना मिळाली.

प्रतिसाद: नकाशा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. राष्ट्रसंघाकडे स्वतःचे सैन्य नव्हते, हे धागाकर्त्यांचे विधान बरोबर आहे; पण सदस्यांकडून सैन्य मागून घेऊन त्याने एकदा शांतता राखली होती, आणि तो प्रसंग या धाग्यातल्या दुसऱ्या घटनेशी जोडलेला आहे.

सार हा कोळशाच्या खाणींचा जर्मन प्रदेश व्हर्सायच्या तहाने पंधरा वर्षांसाठी राष्ट्रसंघाच्या कारभाराखाली होता आणि १३ जानेवारी १९३५ रोजी तिथे सार्वमत व्हायचे होते. नाझींचा दबाव वाढत होता. मतदानाआधी किंवा नंतर दंगली उसळल्या तर फ्रेंच सैन्य आत येईल आणि मग जर्मनीही गप्प बसणार नाही, अशी रास्त भीती होती. डिसेंबर १९३४ मध्ये परिषदेने आंतरराष्ट्रीय दल पाठवण्याचे ठरवले आणि दोन आठवड्यांत सुमारे ३,३०० सैनिक तिथे पोहोचले. ब्रिटिश सर्वांत अधिक होते. शिवाय स्वीडिश होते, डच होते. ब्रिटिश सेनानी ब्रिंड यांच्या हाताखाली हे दल महत्त्वाच्या ठिकाणी पहारा देत राहिले. मतदान शांततेत पार पडले. नव्वद टक्क्यांहून अधिक मते जर्मनीच्या बाजूने पडली, म्हणजे निकाल हिटलरला हवा तसाच लागला. पण त्यासाठी रक्त सांडले नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांनी जी शांतिदले पाठवली, त्यांचा आरंभ पुष्कळ अभ्यासक इथे शोधतात.

वर मी ब्रिटिश, स्वीडिश आणि डच एवढेच लिहिले. ब्रिटिशांच्या खालोखाल मोठी तुकडी होती ती इटलीची, सुमारे १,३०० जणांची. ती सारमध्ये राष्ट्रसंघाच्या वतीने पहाऱ्यावर उभी राहिली त्याच महिन्यात, ५ डिसेंबरला, त्याच इटलीच्या दुसऱ्या तुकडीने वालवालच्या विहिरींजवळ गोळीबार केला होता.